आत घेतो, पण बसू देत नाही

महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना आमच्याच जिल्ह्यात, प्रवरेच्या पट्ट्यात लोणीला, 1950 साली उभा राहिला. तेव्हापासून इथला माणूस सभासद म्हणून जन्माला येतो आणि संचालक व्हायचं राहून गेलं म्हणत जातो. अहवाल, ताळेबंद, इतिवृत्त, आयत्या वेळचे विषय ही भाषा नगरकराला शिकवावी लागत नाही. कुठल्या संस्थेचं दप्तर पाण्यात भिजलं, कुठल्या संस्थेचं उंदरांनी खाल्लं आणि कुठल्या संस्थेचं सचिवासकट पुण्याला गेलं, हेही त्याला पाठ असतं. अशा जिल्ह्यात वार्षिक सभेच्या तोंडावर सोसायटीच्या मानद सचिवानं सांगायचं की, "हिशेब अगदी चोख आहेत, पण ते संगणकात आहेत. संगणक पासवर्ड घेतो, फक्त डेस्कटॉप येत नाही."

तो सचिव मी. सोसायटी सावेडीतली. हे वाक्य मी पहिल्यांदा जिन्यात उच्चारलं तेव्हा समोरच्या वहिनींनी दुधाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि "असं का," एवढंच म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत तिन्ही मजल्यांवर मी पैसे खाल्ल्याची बातमी पोचली होती. किती खाल्ले याबद्दल मात्र एकवाक्यता नव्हती.

संगणक सोसायटीचा, पण मुक्काम आमच्या घरी. 2008 साली सुटे भाग आणून जुळवून घेतलेला. कोअर टू ड्युओ, 2 जीबी रॅम, 80 जीबी हार्ड डिस्क. "एवढी 80 जीबी भरणार कशानं?" असा प्रश्न तेव्हाच्या समितीत विचारला गेला होता आणि तो इतिवृत्तात नोंदलेला आहे. एप्रिल 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सपीवरचा हात काढून घेतला, तेव्हा हिंजवडीत नोकरीला असलेल्या माझ्या भाच्यानं त्यात लिनक्स मिंट टाकलं. "मामा, फुकट आहे," एवढ्या तांत्रिक माहितीवर समितीनं मंजुरी दिली. नवा संगणक घ्यावा असा विषय मी दर सभेत मांडतो आणि दर सभा तो पुढच्या सभेकडे पाठवते. मीही मग आहे त्यात गोडी मानून सगळ्या फोल्डरांना मराठी नावं दिली: 'सभा', 'ताळेबंद', 'थकबाकी', 'भांडणं'. यातलं शेवटचं फोल्डर सर्वांत मोठं.

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. आमची 28 सप्टेंबरच्या रविवारी ठरली होती, चौदा दिवस आधीची नोटीस फळ्यावर लागली होती, आणि ताळेबंद छापायला मी पासवर्ड टाकला. पासवर्ड चुकला तर संगणक तोंडावर सांगतो. इथं तसं काही नाही. त्यानं पासवर्ड मान्य केला, पडदा काळा झाला, क्षणभर माऊसचा बाण थरथरला, आणि पुन्हा तीच पाटी: नाव सांगा, पासवर्ड द्या. पुन्हा दिला. पुन्हा काळोख, पुन्हा पाटी. मी तो सावकाश टाकून पाहिला. मग जोरात. मग हात धुऊन येऊन.

आमच्या सौभाग्यवतींचं माहेर नेवासे तालुक्यातलं, शनिशिंगणापुराजवळचं. त्या दारात उभ्या राहून हे पाहत होत्या.

"आमच्या शिंगणापुरात घरांना दारं नाहीत," त्या म्हणाल्या. "2011 साली बँक आली, तीसुद्धा कुलपाशिवाय. आणि तुम्ही टँकरच्या पावत्यांना पासवर्ड लावून बसलात."

"अहो, पासवर्ड बरोबर आहे. तो आत घेतोय."

"मग?"

"बसू देत नाही."

"किल्ल्यात कैदेत बसून नेहरूंनी एवढा मोठा ग्रंथ हातानं लिहून काढला. तुम्हाला चार पानांचा ताळेबंद हातानं लिहायला काय होतं?"

हे खरंच आहे. आमच्या भुईकोट किल्ल्यात 1944 साली पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून झालं. पण नेहरूंना तिथे वर्षभराच्या मेंटेनन्सची थकबाकी सदनिकानिहाय मांडायची नव्हती. हे मी मनात म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला नेतो असं मोठ्यानं म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी शनिवार निघाला. शनिवारी लोखंड घ्यायचं नसतं. दुरुस्तीला न्यायचंही नसतं, असा निर्णय माहेरच्या अधिकारानं देण्यात आला.

शनिवार उलटल्यावर दिल्ली गेटजवळच्या एका दुकानात तो डबा मांडीवर घेऊन रिक्षानं गेलो. या डब्याला आमच्याकडे सगळे सीपीयू म्हणतात. सीपीयू ही आतली चकतीएवढी वस्तू असते हे मला ठाऊक आहे आणि ते मी रिक्षावाल्यालाही सांगितलं. दुकानातल्या मुलानं झाकण काढलं, रॅमची पट्टी उपसली आणि खिशातून खोडरबर काढून तिची सोनेरी कड घासू लागला. यात हसण्यासारखं काही नाही. त्या कडेवर थर चढला की संगणक सुरूच होत नाही आणि खोडरबरानं तो निघतो. निम्म्या महाराष्ट्राचे संगणक यावर चालतात. पण माझा सुरू होत होता. हे मी म्हणालो तेव्हा त्यानं ब्लोअर लावला. आतून जी धूळ निघाली तिच्यातली काही निजामशाहीतली असावी. मग पडदा जोडला, मी पासवर्ड टाकला, काळोख झाला, पाटी आली.

"फॉरमॅट मारावा लागंल, काका."

"डेटा?"

"त्यो जाईल. बॅकअप असंलच ना?"

"आहे ना," मी म्हणालो.

"कुठंय?"

"यातच. 'बॅकअप' नावाचं वेगळं फोल्डर केलंय."

मुलानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

भाचा अमेरिकेच्या वेळेवर जगतो. त्याला रात्री अकरानंतरच फोन लागतो. त्या रात्री मी फोन लावायला बसणार तोच बेल वाजली. दारात तळमजल्यावरचे निवृत्त लेखापरीक्षक, हातात स्वतःची घडीची खुर्ची आणि एक वही.

या गृहस्थांविषयी थोडं सांगायला हवं. आयुष्यभर इतरांची दप्तरं तपासल्यामुळे त्यांना झोप कमी आणि शंका जास्त. 2024 साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी सोसायटीच्या लेटरहेडवर अजून अहमदनगर आहे, ही त्यांची चालू हरकत. (नवं लेटरहेड मी केलंय. तेही संगणकातच आहे.) पण मूळ प्रकरण त्याच्या आधीचं. एका पावसाळ्यात त्यांच्या स्कूटरचा आरसा पार्किंगमध्ये फुटला. त्यांनी सीसीटीव्हीचं फुटेज मागितलं. डीव्हीआर पंधरा दिवसांनी जुन्यावर नवं लिहितो, म्हणून तक्रार आली की त्या दिवसाचं रेकॉर्डिंग संगणकात उतरवून घ्यायची माझी पद्धत आहे. घेतलं, पाहिलं, पावसापलीकडे काही दिसेना, पुसून टाकलं. 'सदर फुटेज डिलीट करण्यात आले आहे' असं त्यांना लेखी कळवलं. त्या पत्रावर त्यांनी तेव्हा नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि ते फाइलला लावलं.

"मी फक्त निरीक्षक म्हणून आलोय," असं म्हणत त्यांनी खुर्ची संगणकासमोर उघडली. फोन स्पीकरवर टाकणं भाग पडलं.

"मामा, घाबरू नका," भाचा म्हणाला. "पासवर्डच्या पाटीवर असतानाच कंट्रोल, ऑल्ट आणि एफ वन एकदम दाबा."

पडदा काळा झाला आणि वर पांढरी अक्षरं उमटली. चित्र नाही, बाण नाही. भाच्यानं समजावलं की डेस्कटॉप हा नुसता दर्शनी भाग. त्याच्या मागे लिनक्सचा हा जुना अक्षरी दरवाजा कायम उघडा असतो. इथं नाव आणि पासवर्ड टाकायचा, फक्त टाकताना तो दिसणार नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. मी टाकला.

"काय टाकलंत?" लेखापरीक्षक.

"पासवर्ड."

"दिसला नाही."

"दिसत नाही, नाना. तशीच पद्धत आहे."

"नोंद करतो," म्हणून त्यांनी केली.

पण आत गेलो! गेल्यावर कुणी बाहेर काढलं नाही. भाच्यानं फोल्डरांची यादी काढायला सांगितलं, 'एल एस' दोन अक्षरं टाकून. यादी आली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. 'सभा' नाही, 'ताळेबंद' नाही. त्यांच्या जागी पांढऱ्या चौकटी, ओळीनं मांडलेल्या.

"नावं कुणी खोडली?" नानांनी विचारलं.

"खोडली नाहीत हो, ती मराठीत आहेत."

"मराठीत आहेत म्हणून खोडली?"

भाच्यानं फोनवरून साक्ष दिली की या काळ्या पडद्याला मोजकीच चिन्हं येतात, काना-मात्रा-जोडाक्षरं जुळवणं त्याच्या आवाक्यात नाही, म्हणून तो देवनागरीच्या जागी चौकटी छापतो. माझ्या हौसेचं फळ असं की मला त्या फोल्डरांत शिरताही येईना, कारण शिरायला नाव टाइप करावं लागतं आणि मराठी इथं टाइपही होत नाही. नानांनी वहीत एक चौकट काढली आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह दिलं.

"असू दे," भाचा म्हणाला. "आता डी, एफ, स्पेस, मायनस, एच."

मी डी टाकला, एफ टाकला, मग एस, पी, ए, सी, ई टाकलं. संगणक म्हणाला, अशी काही आज्ञा नाही.

"स्पेस म्हणजे मोकळी जागा, मामा!"

"मायनस म्हणजे वजा ना?" नाना पुढे सरकले. "कशातून वजा?"

मोकळी जागा सोडून, कशातूनच वजा न करता, शेवटी ती आज्ञा गेली. पडद्यावर रकाने आले. माझ्या दृष्टीनं ते इंग्रजी अक्षरांचे आणि आकड्यांचे ढीग होते. नानांनी मात्र चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि बोटानं एकेक रकाना खाली उतरत गेले.

"थांबा. हा ताळेबंद आहे."

"नाना, ही डिस्कची..."

"एकूण 55. खर्ची 52. शिल्लक शून्य. टक्केवारी शंभर." ते माझ्याकडे वळले. "शिल्लक किती आहे हे आधी पाहिलंत का तुम्ही?"

रॅम घासून झाली होती, धूळ उडवून झाली होती, हात धुऊन झाले होते. शिल्लक कुणी पाहिली नव्हती. दुकानातल्या मुलानं नाही, मी तर नाहीच. फोनमधून भाच्याचा सुस्कारा ऐकू आला. "तेच, मामा. डिस्क भरलीय. लॉगिन झालं की डेस्कटॉप तुमच्या घरात एकदोन छोट्या फाइली लिहितो. एवढ्याशा चिठ्ठ्या असतात, कोण आलंय याच्या. त्या लिहायलाही जागा नसेल तर तो तिथंच कोसळतो आणि तुम्ही परत पाटीवर. पासवर्ड बरोबर, मशीन ठणठणीत, फक्त हजेरी लावायला कागद नाही."

मला हायसं वाटलं. नानांना नाही.

"55 मधून 52 गेले की 3 उरतात. इथं शून्य दाखवलंय. 3 कुठे गेले?"

मी म्हणालो, संगणकाची चूक असेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मागे घेतलं. उत्तर भाच्यानं दिलं: डिस्कच्या 80 पैकी 55 लिनक्सच्या वाट्याला, आणि त्यातली पाच टक्के जागा ही व्यवस्था मुख्य व्यवस्थापकासाठी बाजूला ठेवते. साध्या वापरणाऱ्याला तिला हात लावता येत नाही. सगळं भरलं तरी व्यवस्थापकाला आत येऊन निस्तरता यावं म्हणून.

"राखीव निधी!" नाना ताठ बसले. मी त्यांना सतरा-अठरा वर्षं ओळखतो. एवढा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर नातवाच्या बारशालाही नव्हता. "सभासदाला हात लावता येत नाही, संस्था अडचणीत आली तरच वापरायचा. कुणी केलीय ही व्यवस्था? सहकारातला माणूस दिसतोय."

भाचा म्हणाला, फिनलंडच्या एका विद्यार्थ्यानं 1991 साली लिनक्स सुरू केलं आणि पुढे जगभरच्या लोकांनी मिळून, फुकट, वाढवलं. नानांनी 'फिनलंड' लिहून घेतलं.

प्रश्न राहिला 52 जीबी खाल्लं कुणी. ताळेबंद, पावत्या, नोटिसा सगळं मिळून काही एमबीसुद्धा धड होईना. आकडे दिसत होते, चौकटींपुढे का होईना, आणि नाना ते उभे मांडून बेरीज करत होते. बेरीज जुळेना. चाळीसच्या वर जीबीचा पत्ताच नव्हता. तेव्हा भाचा सहज बोलून गेला, "मामा, ज्या फोल्डरच्या नावाआधी टिंब असतं ते लपलेलं असतं. नेहमीच्या यादीत येत नाही."

नाना उभे राहिले.

"लपलेलं?"

"म्हणजे तसं नाही, सिस्टिमचीच फोल्डरं ती, सगळ्यांच्याच..."

"छुपं खातं," नाना म्हणाले. आवाजात राग नव्हता. पस्तीस वर्षांच्या नोकरीत ज्याची वाट पाहिली ते निवृत्तीनंतर, शेजारच्याच बिऱ्हाडात, रात्री बारा वाजता सापडल्याची कृतज्ञता होती. "उघडा."

उघडलं. टिंब, लोकल. त्याच्या आत शेअर. त्याच्या आत ट्रॅश. 41 जीबी.

"ट्रॅश म्हणजे?"

"कचरापेटी," मी म्हणालो.

आमच्या जिन्याखाली एक पाटी आहे. 'घंटागाडी सकाळी 7.30 ला येते. कचरा रोजच्या रोज बाहेर द्यावा. घरात साठवून दुर्गंधी पसरवू नये. आदेशावरून, सचिव.' तिच्यावर सही माझी आहे.

घडलं होतं ते अगदी सोपं. माऊसनं फाइल पुसली की ती पुसली जात नाही, कचरापेटीत जाऊन पडते, आणि पेटी रिकामी करेपर्यंत डिस्कवर आपली जागा अडवून बसते. मी दर तक्रारीला फुटेज उतरवत होतो आणि भांडण मिटलं की पुसत होतो. तिसऱ्या मजल्यावरून फरशी पुसल्याचं पाणी, गच्चीतल्या वाळवणावर कुणाचं तरी पाऊल, शेवग्याच्या शेंगा, पाहुण्यांची गाडी दुसऱ्याच्या जागेत, पहारेकऱ्याची डुलकी: सोसायटीतलं एकूण एक भांडण तारीखवार त्या पेटीत जपून होतं. तारखा आकड्यांत असल्यानं त्या चौकटी झाल्या नव्हत्या. स्वच्छ वाचता येत होत्या.

"एक आज्ञा देतो, सगळं साफ होईल," भाचा म्हणाला. अक्षरं त्यानं सांगितली, मी टाकली, एंटरवर बोट नेलं, आणि माझ्या मनगटावर नानांचा हात पडला.

"एंटर दाबायचं नाही."

त्यांचं दुसरं बोट पडद्यावर एका तारखेवर होतं. आरशाच्या तारखेवर.

"हे आपण डिलीट केलं होतंत."

"केलं होतं, नाना. डिलीट केलं म्हणूनच ते इथं आहे."

हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे. पण रात्री बारा वाजता निवृत्त लेखापरीक्षकासमोर, लपलेल्या फोल्डरात, ते म्हणू नये. नाना खाली गेले आणि माझ्या पत्राची प्रत घेऊन वर आले. मधल्या वेळात भाचा म्हणाला, "मामा, माझी मीटिंग सुरू होतेय," आणि गेला.

त्यानंतर उभा राहिला तो पेच मी कुणाला सोडवायला दिला नसता. जागा मोकळी केल्याशिवाय डेस्कटॉप येणार नाही. डेस्कटॉप आल्याशिवाय व्हिडिओ पाहता येणार नाही. आणि व्हिडिओ पाहिल्याशिवाय जागा मोकळी करू द्यायला नाना तयार नाहीत. शेवटी त्यांनी यादी वरपासून खाली तपासून पहारेकऱ्याची डुलकी निवडली. त्या पहारेकऱ्यानं नोकरी सोडली होती, त्यामुळे 'विषय निकाली' असा शेरा मारता येत होता. तेवढी एक फाइल त्यांच्या तोंडी परवानगीनं गेली. मी दर्शनी दरवाजाशी परत आलो, पासवर्ड टाकला, पडदा काळा झाला, आणि मग गणपतीचं चित्र, डाव्या बाजूला 'सभा', 'ताळेबंद', 'थकबाकी', काना-मात्रेसकट.

"हा घ्या ताळेबंद," मी म्हणालो.

"तो राहू द्या. आरसा लावा."

पाऊस पडत होता. स्कूटर उभी होती. छत्री घेतलेलं कुणीतरी तिच्याजवळून गेलं. नंतरच्या चित्रात आरसा नव्हता. नानांनी ते इतक्यांदा मागेपुढे करायला लावलं की छत्रीच्या काड्या मला पाठ झाल्या. छत्री कुणाची ते कळलं नाही. पण सकाळी दूध आणायला खाली गेलो तेव्हा 'सचिवांकडे सगळ्यांचं सगळं रेकॉर्डिंग आहे' हे समोरच्या वहिनींना ठाऊक होतं, आणि आदल्या आठवड्यात ज्यांनी मला चोर ठरवलं होतं ते 'सर' म्हणून थांबत होते.

आमची सभा कधीही वेळेवर होत नाही. गणसंख्या नाही म्हणून अर्धा तास तहकूब करायची आणि त्याच जागी, त्याच विषयांवर, आलेल्या तेवढ्याच चौघांसमोर घ्यायची, ही रीत. 28 सप्टेंबरला नवरात्र चालू असूनही दहा मिनिटं आधीच खुर्च्या संपल्या. तळमजल्याच्या भाडेकरूंनाही उभं राहायला जागा हवी होती. ताळेबंद मी वाचायला घेतला, तर मागून 'वाचला असे समजण्यात यावे' असा आवाज आला आणि तो मंजूर झाला. ज्यासाठी पंधरवडाभर माझी अब्रू चव्हाट्यावर होती, त्याचं पहिलं पानसुद्धा उलटावं लागलं नाही.

मग आयत्या वेळचा विषय: 'संगणकाच्या कचरापेटीतील 41 जीबी मजकुराची विल्हेवाट'. मी म्हणालो, डिस्क तुडुंब आहे, रिकामी करू. एकही हात वर झाला नाही. शेवग्याच्या शेंगांवाल्यांना आधी शेंगांचं पाहायचं होतं. वाळवणवाल्या आजींना पाऊल ओळखायचं होतं. कुणीतरी प्रोजेक्टरची सूचना केली. ज्यांचा प्रोजेक्टरला विरोध होता त्यांच्याकडे छत्रीच्या दृष्टीनं पाहिलं जाऊ लागलं, तेव्हा विरोध मावळला. शेवटी असं ठरलं की कचरा कायम जतन करावा, त्यासाठी देखभाल निधीतून 1 टीबीची नवी हार्ड डिस्क घ्यावी, आणि ती सध्याच्याच संगणकाला जोडावी. नव्या संगणकाचा माझा विषय वेळेअभावी पुढच्या सभेकडे गेला.

सूचक अर्थातच नाना. त्यांनी ठरावाला एक दुरुस्तीही जोडली, आणि ती मी इतिवृत्तात शब्दशः घेतली आहे: सहकार कायद्याप्रमाणे नफ्याच्या 25 टक्के रक्कम राखीव निधीत टाकावी लागते, संगणकाने मात्र 5 टक्केच ठेवल्याचे निदर्शनास आले आहे, सबब सचिवांनी नव्या डिस्कवर हा दोष दूर करून दोषदुरुस्ती अहवाल मुदतीत सादर करावा.

मुदत चालू आहे. भाचा फोन उचलत नाही.